पुळणीच्या जमिनीत बाग: पैसा कुठे घालावा?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत घर बांधलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते. पाणी घातलं की दिसेनासं होतं आणि खत घातलं तरी झाड पिवळंच राहतं. मग कुणीतरी सांगतं, पाच डंपर तांबडी माती आणून टाका. माझं मत याच्या अगदी उलट आहे. रेताड जमिनीत पहिला पैसा मातीवर घालू नये, तो कुजलेल्या खतावर आणि जमीन झाकण्यावर घालावा.

त्याआधी जमीन आणि पाणी तपासून घ्या. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून हलवा. पहिल्या एक-दोन मिनिटांत तळाला बसते ती रेती. पोयटा बसायला काही तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत तरंगत राहते. बरणीतला जवळजवळ सगळा थर पहिल्याच मिनिटात बसला, तर पुढचा सगळा हिशेब तुमच्यासाठी आहे. मूठभर कोरड्या रेतीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तीत शिंपल्यांचा चुना आहे. अशा जागी मोगरा आणि एक्झोराची पानं लोह न मिळाल्याने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे आणखी चुना टाकू नका. प्रयोगशाळेतून मातीचा सामू आणि विहिरीच्या पाण्याचा क्षार तपासून घ्या. पाण्याचा नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या, कारण किनाऱ्यावरची विहीर पावसानंतर गोडी असते आणि उन्हाळ्यात मचूळ होते. दोन्ही तपासण्यांना ८०० रुपये बाजूला ठेवा.

आता मोजमाप. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर एक इंचाचा थर द्यायला सुमारे ९१ घनफूट माल लागतो, म्हणजे एका ब्रासपेक्षा (१०० घनफूट) थोडा कमी. हे एक गणित डोक्यात असलं की ट्रकवाला सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागत नाही. पुढचे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. गाव, वाहतूक आणि हंगाम यांप्रमाणे ते बदलतात, तेव्हा आपल्या गावचे दर घालून बेरीज पुन्हा करा.

तांबड्या मातीचा सहा इंचांचा थर द्यायचा तर गुंठ्याला साडेपाच ब्रास लागेल. पोचवून २,५०० रुपये ब्रास धरली तरी १३,७५० रुपये झाले, पसरायची मजुरी वेगळी. एवढं करून ही जांभ्याची माती स्वतः सेंद्रिय अंशाने गरीबच असते. नुसती वर पसरली तर रोपांची मुळं त्या थरातच घुटमळतात. भातखाचरातला किंवा तळ्यातला चिकण गाळ मिळत असेल तर तो मात्र घ्या. एक ब्रास गाळ वरच्या सहा इंचांत नीट मिसळला की गुंठ्याला पुरतो. माती असो की गाळ, विकणाऱ्याकडे महसूल खात्याचा वाहतूक परवाना आहे का ते विचारा. उत्खनन विनापरवाना असेल तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येऊ शकते.

शेणखत सगळ्या गुंठ्यावर पसरायची गरज नाही. आळी आणि वाफे मिळून साधारण तिसरा हिस्सा जागा धरा, म्हणजे ३६३ चौरस फूट. तिथे दोन इंच खत म्हणजे ६० घनफूट. ४,००० रुपये ब्रासने त्याचे २,४०० रुपये झाले. तेवढंच गांडूळखत घ्यायचं तर टनाच्या आसपास लागेल, आणि १२ रुपये किलोने बिल १२,००० वर जाईल. म्हणून गांडूळखत भाजीच्या वाफ्यात मूठमूठच वापरावं. कोकोपीट कुंड्यांसाठी चांगलं आहे. जमिनीसाठी विकत आणू नका, पाण्याचं तेच काम नारळाची सोडणं करतात.

खत घेताना ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, शेणाचा वास आला किंवा गोळे फुटेनात, तर ते कच्चं आहे. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणीची किंवा गेंड्या भुंग्याची असू शकते. गेंड्या भुंगा शेणाच्या ढिगात वाढतो आणि माडाचा कोंब पोखरतो. असं खत फुकट मिळालं तरी घेऊ नका.

वेळही महत्त्वाची आहे. मे महिन्यात पसरलेल्या खताचा कस कोकणातला पाऊस रेतीतून खाली घेऊन जातो. जूनमध्ये मोकळ्या जागेत ताग किंवा चवळी पेरा, फुलावर आली की जमिनीत गाडा आणि शेणखत पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात घाला. रासायनिक खत वापरत असाल तर एका वेळी थोडं, पण अधिक हप्त्यांत द्या. घरची विहीर त्याच वाडीत असते आणि निसटलेला नत्र त्याच पाण्यात उतरतो, म्हणून याबाबत हयगय करू नये. शेणखत घातल्यावर आळ्यांवर चार इंच पातेरा (पालापाचोळा) किंवा तुकडे केलेल्या झावळ्या पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडून. याला मजुरीखेरीज खर्च नाही. लोक मात्र हाच पातेरा गोळा करून जाळतात. तो जाळू नका.

रेतीत ठिबकचं पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. म्हणून एका झाडाला एक ड्रीपर पुरत नाही. तीन-चार लावा किंवा छोटे फवारे बसवा, आणि पाणी रोज थोडं द्या. गुंठ्याला नळ्या आणि फवाऱ्यांचे ५,००० रुपये धरा.

आता झाडं. माडाला साडेसात मीटर अंतर हवं, म्हणजे गुंठ्यात दोनच माड. तरी लोक पाच लावतात आणि पुढे नारळ धरत नाही म्हणून चिंता करतात. रोप दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेत विचारून घ्या. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल असावा. तळाशी सोडणांचे दोन थर पोकळ बाजू वर करून रचावेत, म्हणजे प्रत्येक वाटीत पाणी साठतं. मग शेणखत आणि वरची माती भरावी.

जागा उरली तर शेवगा, सीताफळ, काजूचं कलम. समुद्राच्या बाजूला वाऱ्याला आडोसा म्हणून उंडी, करंज किंवा पारोसा पिंपळ लावावा. भाज्यांत रताळी, चवळी, मुळा, लाल माठ आणि थंडीत कलिंगड इथे खरोखर उत्तम येतात. वांगी, टोमॅटो, भेंडी लावायची असेल तर रेताड जमिनीतला मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी लक्षात ठेवा. निंबोळी पेंड मिसळा, कडेने झेंडू लावा आणि दरवर्षी वाफा बदला. फुलांत चाफा, तगर, कण्हेर, सदाफुली, बोगनवेल. सुपारी आणि जायफळ पहिल्या वर्षी नकोत, त्यांना माडांची सावली तयार व्हावी लागते. कुंपणाबाहेर पुळणीवर पसरलेली मर्यादवेल उपटू नका, रेती तिनेच धरून ठेवलेली असते.

बेरीज अशी: तपासणी ८००, शेणखत २,४००, पाण्याची सोय ५,०००, रोपं, बियाणं आणि पेंड १,५००, चार दिवसांची मजुरी ६०० रुपये रोजाने २,४००. एकूण १२,१००. नुसत्या तांबड्या मातीपेक्षाही हे कमी आहे. दुसऱ्या वर्षापासून शेणखत आणि मजुरी एवढाच खर्च राहतो, पण तो दरवर्षी करावा लागतो, कारण दमट उन्हात सेंद्रिय अंश झपाट्याने जळतो. एवढं बजेट दरवर्षी जमणार नसेल, तर दोन माड आणि एक शेवगा लावा, उरलेल्या जागेत चवळी पेरा आणि भाजी बाजारातून आणा.