न उतरणारा शीण

निपाणीकडच्या माणसास थकव्याचे नवल ते काय? दिवसभर विड्या वळणाऱ्या भगिनी नि तंबाखूच्या वखारीत राबणारी मंडळी रोजच थकतात. परंतु श्रमाचा शीण बहुधा रात्रीच्या झोपेने उतरतो. येथे लिहावयाचे आहे ते न उतरणाऱ्या शिणाविषयी, आणि त्यास निमित्त आमचाच अपराध आहे.

आमच्या वहिनींना २०२१ साली ताप येऊन गेला. शक्ती मात्र परत आली नाही. पुढच्या गणेशचतुर्थीस त्यांनी मोदकांचा सारा स्वयंपाक केला, हसतमुखाने पंगतही वाढली. त्या बऱ्या झाल्या, असे आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणावरून उठवेना, आणि तसाच आठवडा गेला. 'सणापुरती बरी, कामाला आजारी' असे घरात बोलले गेले. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

डॉक्टरांकडून पुढे कळले, की या व्याधीची हीच मुख्य खूण. श्रमानंतर, पुष्कळदा एकदोन दिवसांनी, रोगी कोसळतो. श्रम मग शरीराचे असोत वा बुद्धीचे. पूर्वीची कामे सहा महिने वा अधिक काळ होत नाहीत. झोपूनही ताजेतवाने वाटत नाही. शिवाय स्मरण मंदावते, अथवा उभे राहिल्याने त्रास वाढतो नि आडवे पडल्यावर उणावतो. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१५ साली हीच लक्षणे ठरविली. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव १९८८ पासूनचे.

सोंग म्हणणारे आम्हीच पहिले नव्हे. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात १९५५ साली अशाच आजाराने शेकडो कर्मचारी पडले. १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्यास सामूहिक उन्माद ठरविले. रोग्यांत स्त्रिया अधिक, हेही त्यांचे एक कारण होते!

या व्याधीचे निदान करणारी रक्ततपासणी नाही. तरीही रक्त तपासावेच. कारण पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह, क्षय यांनीही थकवा येतो आणि त्यांवर औषधे आहेत. पंडुरोग तर आपल्या स्त्रियांत घरोघरी आढळतो. मात्र 'हिंडाफिरा, व्यायाम वाढवा' हा उपदेश येथे घातक ठरू शकतो. ब्रिटनमधील आरोग्यसंस्थेने ठरावीक क्रमाने व्यायाम वाढविण्याची आपली शिफारस २०२१ साली मागे घेतली. काम थोडके करावे आणि शक्ती उरली असतानाच थांबावे.

गेल्या चतुर्थीस मोदक आईने व आम्ही वळले, आमचे फुटलेच. वहिनींनी बसूनच समईच्या वाती केल्या आणि आरतीपूर्वी आत जाऊन त्या पडल्या. कोणी हाक मारली नाही.