मुलांच्या हाती ज्ञानेश्वरी कशी द्यावी?

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघेही इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांनी रोज ज्ञानेश्वरी वाचावी असं मला मनापासून वाटतं, पण दोन दिवसांत कंटाळतात. काय करू?

उत्तर : पहिल्या अध्यायापासून सुरुवात करू नका. १८ अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि १२९० सालची मराठी. मोठी माणसंही इथं अडखळतात. पसायदान घ्या. त्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या ९ ओव्या आहेत आणि अनेक मुलांना त्या ऐकून पाठ असतात. कानाला ओळखीचे शब्द डोळ्यांनी शोधताना देवनागरी वाचनाची भीती जाते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण बहुधा तिथंच असते, श्रद्धेत नव्हे.

वाचन मोठ्यानेच हवं. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. हा ठेका मुलांना लगेच सापडतो. तिघांनी एकेक ओवी वाटून घ्या. रोज दोन-तीन ओव्या पुरेत. संध्याकाळी दिवा लावल्यावर बसा, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

जवळ सार्थ प्रत ठेवा. मुलगी अर्थ विचारेल तेव्हा दोघी मिळून पाहा. तुम्हालाही ठाऊक नसेल तर तसं सांगा. मुलाला एवढ्यात अर्थाचा आग्रह नको. मात्र वाचलं नाही म्हणून खेळ बंद, ही शिक्षा कधीच करू नका, त्याने ग्रंथाचाच राग येतो. पसायदान रुळलं की हरिपाठ घ्या. त्यातले अभंग छोटे आहेत, आणि टाळ हाती दिला तर मुलगा स्वतःहून येऊन बसेल.