कोऱ्या चौकटीची चौकशी

जळगावातल्या एका संस्थेचं सभासद शोधायचं पान माझ्याकडे दुरुस्तीला आलं, तेव्हा तक्रार एवढीच होती की ‘साईट अडकते’. आडनाव, गाव आणि खाली ‘शोधा’ हे बटण. काहीही न भरता ते दाबलं की रावेरपासून चाळीसगावपर्यंतचे सगळे सभासद मोबाईल नंबरांसकट पडद्यावर! २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झालेल्या देशात साईट अडकणं ही त्यातली किरकोळ अडचण होती.

कारण नेहमीचंच. भरलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून ‘लाईक’ने शोध घ्यायचा. मधला शब्दच नसला की उरतात नुसते टक्के, आणि त्यांचा अर्थ ‘काहीही चालेल’. त्यातही ज्यांच्या आडनावाच्या रकान्यात ‘नल’ आहे, म्हणजे नोंदच नाही, ते या ‘काहीही’त येत नाहीत. ही यादी पूर्ण समजून कुणी डोकी मोजली तर तेही चुकणार.

धुळ्यातल्या एका बियाण्यांच्या दुकानाच्या ग्राहकयादीत उलटा प्रकार पाहिला. मोबाईलचा रकाना अंकांचा, आणि नंबर न देणाऱ्यांपुढे शून्य भरलेलं. अंकांच्या रकान्याशी तुलना करताना मायएसक्यूएल रिकाम्या मजकुराला शून्य धरतं. म्हणजे मोबाईलची चौकट कोरी ठेवली की नेमके मोबाईल नसलेलेच ग्राहक सापडायचे. मोबाईल नंबरांची बेरीज कुणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवावेत.

म्हणून आधी प्रत्येक चौकटीतल्या मजकुराच्या मागचापुढचा मोकळा भाग छाटा. त्यानंतर काही उरलं नाही, तर ती अट शोधात घालूच नका. सगळ्याच चौकटी कोऱ्या असतील तर डेटाबेसपर्यंत जायचंच नाही. ‘आडनाव किंवा गाव भरा’ एवढं सांगून थांबायचं. ब्राउझरच्या ‘रिक्वायर्ड’वर विसंबू नका, एक स्पेस टाइप केली तरी त्याचं समाधान होतं. खरी तपासणी सर्व्हरवरच हवी.

आणि आपल्याकडची खास गोष्ट: यावल-रावेर पट्ट्यात नुसतं ‘पाटील’ किंवा ‘चौधरी’ टाकणं हे कोरा अर्ज पाठवण्याइतकंच आहे. तिथे आडनावासोबत गाव मागाच, आणि एका पानावर किती नावं दाखवायची यालाही मर्यादा घाला.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या एखाद्या डिसूझांनी इंग्रजीत नाव लिहिलं की ‘डी’नंतरच्या वरच्या स्वल्पविरामाने क्वेरी मोडू शकते. जिथे साधं नाव क्वेरी मोडतं, तिथे वाईट हेतूचा माणूस ती हवी तशी वळवू शकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. मात्र त्यातूनही टक्का निसटतो: कुणी चौकटीत फक्त टक्क्याचं चिन्ह भरलं तर पुन्हा सगळी यादी बाहेर. ते चिन्ह आणि अंडरस्कोर, दोन्ही वेगळे निष्प्रभ करावे लागतात.

चुकीचं वाटणारं सगळंच चुकीचं नसतं, हे मराठी साईट बनवणारे सोयीस्कर विसरतात. गट नंबर ‘४५’ असा देवनागरीत लिहिला तर पायथन तो मुकाट्याने स्वीकारतो, जावास्क्रिप्टला तो अंकच वाटत नाही. मग माणसाला लाल अक्षरांत दटावायचं कशाला? अंक आपणच बदलून घ्यावेत. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

गावाचं नाव मात्र टाइप करायला लावूच नये. बुद्रुक, खुर्द, ‘बु.’, ‘खु.’ यांत माणूस हरवतो. महाभूलेखावर सातबारा काढताना जिल्हा, तालुका, गाव यादीतून निवडतात, तेच बरं.

पण यादीलाही इतिहास असतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत शहादा, तळोदा धुळ्याखालीच असतात. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, जुन्या कागदांवर एदलाबादच राहिलं. शहाद्याचा माणूस बरोबर ‘नंदुरबार’ निवडतो, ‘नोंद नाही’ वाचतो आणि निघून जातो. अशा वेळी जिल्ह्याची अट काढून तालुक्यावर पुन्हा शोध घ्यावा, आणि निकालाच्या वर ‘ही नोंद जुन्या धुळे जिल्ह्याखाली सापडली’ असं स्पष्ट लिहावं.