मुका ‘के’ आणि आपला ‘ज्ञ’

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू एका दमात म्हणून दाखवलंस: नो, नॉलेज, नी, नाइफ, नॉट, नाइट, नॉक. ‘के-एन’ची यादी झाली, आता ‘जी-एन’ घेते, म्हणालीस. रोज तीस शब्द, अक्षरांच्या क्रमाने. तुझी चिकाटी मी लहानपणापासून पाहते आहे, तिच्याबद्दल मला शंका नाही. पण पाठ करायची ही रीत सोड, असं मला मनापासून वाटतं. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सारखी अक्षरं म्हणजे सारखं आडनाव. आपल्या गावात एका आडनावाची वीस घरं आहेत. पण एकमेकांचं सुतक लागतं ते त्यातल्या पाच-सहांनाच. शब्दांचंही तसंच. यादीत शेजारी बसलेले शब्द भाऊबंद आहेत की नुसते नावापुरते, हे आधी विचारायला हवं.

‘नो’पासून सुरू करू. के-एन-ओ-डब्ल्यू, म्हणजे जाणणे. यातला ‘के’ मुका का, असं तू सातवीत विचारलं होतंस आणि मी ‘तसंच असतं’ म्हणून वेळ मारून नेली होती. तसंच नसतं. जुन्या इंग्रजीत तो ‘क’ स्पष्ट म्हणत. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो. 1476 साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिभेने ‘क’ टाकून दिला. कागदावर तो राहिला. आपण तरी वेगळं काय केलं? ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ. लिहितो तसंच, पण मराठी माणूस म्हणतो ‘द्न्यान’ आणि हिंदी माणूस ‘ग्यान’. अक्षराने मूळ जपलं, जीभ आपल्या वाटेने गेली.

आणि हा दाखला मी उगीच शोधून आणलेला नाही. इंग्रजीतला ‘के-एन’, लॅटिन-ग्रीकमधला ‘जी-एन’ आणि आपला ‘ज्ञ’ ही एकाच घराची तीन दारं आहेत. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमाच्या असाव्यात असं मांडलं. पुढे 1822 मध्ये जेकब ग्रिमने, तोच परीकथांचा ग्रिम, वर्णांच्या बदलांचा नियम नीट लावून दाखवला. तुझ्यापुरतं इतकं लक्षात ठेव: जिथे लॅटिनमध्ये मुळातला ‘ग’ राहिला, तिथे इंग्रजीच्या स्वतःच्या शब्दांत ‘क’ झाला आणि आपल्याकडे पुष्कळदा ‘ज’. म्हणून ‘नो’ आणि ज्ञा. ‘नी’ म्हणजे गुडघा आणि संस्कृत जानु. मराठीत आपण गुडघाच म्हणतो, पण ‘आजानुबाहू’मध्ये तो जानु अजून आहे. ‘किन’ म्हणजे नातलग आणि जन. ‘किंग’सुद्धा त्या ‘किन’चाच.

आता तुझी ‘जी-एन’ची यादी या उजेडात बघ. डायग्नोसिस, प्रॉग्नोसिस, रेकग्नाइझ, कॉग्निशन, इग्नोरंट. प्रॉग्नोसिसमधला ‘प्रो’ आणि प्रज्ञेतला ‘प्र’ एकच. अॅग्नॉस्टिक हा शब्द हक्स्लेने 1869 मध्ये घडवला. त्याला मराठीत ‘अज्ञेयवादी’ म्हणतात तेव्हा नकाराचा ‘अ’ तोच आणि धातूही तोच असतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी भर दुपारी तुझ्या आईला उठवून सांगितलं होतं. इग्नोरंट म्हणजे अज्ञ. आपल्या संतांच्या भाषेत ‘नेणता’. न आणि जाण जोडून झालेला. तो शब्द तुझ्या आजीच्या तोंडात होता. जो शब्द आजीकडून आला त्याचा इंग्रजी भाऊ घोकायला कशाला हवा?

इग्नोरामस मला विशेष आवडतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आम्ही जाणत नाही’. इंग्लंडात पुरावा अपुरा वाटला की ज्यूरीची माणसं आरोपपत्राच्या पाठीवर हा शब्द लिहीत. 1615 मध्ये केंब्रिजला राजा पहिला जेम्स याच्यासमोर याच नावाचं एक नाटक झालं, त्यात एका अडाणी वकिलाचं ते नाव होतं. मग तो शब्द कुणाही अडाण्याला चिकटला.

काही भाऊबंद तर अक्षरं टाकून वेगळे निघाले आहेत. ‘नोबल’ म्हणजे मुळात जाणण्याजोगा, नामांकित; त्याचा ‘जी’ लॅटिनमध्येच गळला. ‘नॅरेट’ करणारा म्हणजे जाणता. ‘अनकूथ’ म्हणजे आज गावंढळ, पण मुळात नुसता अनोळखी. ‘कॅन’सुद्धा याच घरातला, जे जाणतो ते करू शकतो. अक्षरांच्या यादीत हे तुला कधीच एका पानावर भेटणार नाहीत.

इथेच एक सावधगिरी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ‘के-एन’चे सगळे शब्द जाणण्याशी जोडून शिकवले. एका मुलीने विचारलं, बाई, चाकूचा आणि जाणण्याचा काय संबंध? मला माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, चाकू वेगळं करतो, ज्ञानही वेगळं करतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं. संबंध काहीही नाही. ‘नाइफ’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, सर्वस्वी वेगळा शब्द आहे. ती वही डोळ्यांपुढे आली की मला आजही वाईट वाटतं. जुळवलेली गोष्ट खऱ्या गोष्टीपेक्षा जास्त पक्की लक्षात राहते, म्हणून ती अधिक वाईट. कोश उघडून बघितल्याशिवाय नातं जोडू नकोस.

अक्षरंसुद्धा फसवतात. ‘फॉरेन’मध्ये ‘जी’ आहे ना? त्याच्या लॅटिन मुळात ‘जी’ नव्हताच. ‘रेन’ म्हणजे राजवट, त्या शब्दाकडे बघून लिहिणाऱ्यांनी तो ‘जी’ इथेही घुसवला. ‘सॉव्हरिन’मध्येही तसाच.

‘नाइट’ म्हणजे सरदार आणि ‘नेव्ह’ म्हणजे लबाड, हे दोन्ही मात्र जोडीने शीक. दोघांचाही जुना अर्थ ‘पोरगा’. पोरगा म्हणजे चाकरीतला पोऱ्या. एक पोऱ्या घोड्यावर बसून मानकरी झाला, दुसऱ्याची पत उतरत गेली. आपल्या ‘भाऊ’ आणि ‘भाऊबंदकी’चंही असंच झालं आहे, थोडा विचार करून बघ.

स्पेलिंगसाठी एकच उपयोगाचं सांगते. ‘जी-एन’ शब्दाच्या सुरुवातीला आला की ‘जी’ मुका; मध्ये आला आणि आधी स्वर असला की बहुतेक वेळा ऐकू येतो: इग्-नोर, रेकग्-नाइझ. अॅक्नॉलेजमध्ये तर तो हरवलेला ‘क’ परत कानावर पडतो, म्हणून तिथे ‘सी’ आणि ‘के’ दोन्ही लिहायचे विसरू नकोस. मागच्या पत्रात तू ‘सी’ गाळला होतास.

आता रोज तीस नको, तीन शब्द घे. पण त्यांची घरं हुडकून काढ. तुझी आई रविवारी येते आहे, तिच्याबरोबर माझा जुना इंग्रजी कोश आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ पाठवते. दुसऱ्याची शिवण उसवली आहे, जपून उघड. त्यात आधी ‘विनंती’ बघ. त्यातही आपला ‘ज्ञ’ लपलेला आहे. कुठे, ते मी सांगत नाही. सापडला की फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझी,
मावशी