जुना पिकअप चढावर ओढत नाही? गिअरबॉक्स उघडायच्या आधी हे तपासा



धंद्यासाठी पहिली गाडी म्हणून आपल्यातले बरेच जण जुना पिकअपच घेतात. परवडतो ना! आणि मग एक दिवस तो ओढेनासा होतो. आपल्याकडचे जुने पिकअप बहुतेक हाताने गिअर टाकायचेच, म्हणून आज त्याच गाड्यांबद्दल बोलू.

आपल्या बॅचमधला एक जण रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला पोचवतो. ऐन मे महिन्यात, भरल्या गाडीनिशी आंबा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढायला लागला, पण वेग काही वाढेना. वर जळकट वास. गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला." याचा मला फोन, "सर, सीझन चाललाय, काय करू?" मी म्हटलं, आधी एक तपासणी कर.

सपाट, मोकळी जागा बघा. चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक घट्ट ओढा, गाडीच्या पुढेमागे कोणी उभं नको. इंजिन सुरू करून तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडेल. चालूच राहिलं, तर क्लच प्लेट घसरतेय. ही तपासणी एकदाच करायची, नाहीतर उरलीसुरली प्लेटही जळेल.

त्याचं इंजिन चालूच राहिलं. मग पेडलचा मोकळा खेळ बघितला, कारण खेळच नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरतो. केबलचा क्लच असेल तर हे काम नुसत्या ॲडजस्टमेंटवर भागतं. पण त्याचा खेळ बरोबर होता. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलंच; पण आतले गिअर बदलायला नव्हे, मागची प्लेट बघायला.

प्लेट तेलाने ओली! क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गळत होतं. आणि ही प्लेट आठ महिन्यांपूर्वीच बदललेली. तेव्हा मेकॅनिकने सील बदलू म्हटलं होतं. यानेच "सध्या राहू दे" म्हणून सांगितलं. आता हिशोब करा. समजा खर्च जाऊन रोजचे १,५०० रुपये सुटतात आणि गाडी चार दिवस उभी राहिली, तर ६,००० गेले. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा, नवी प्लेट दुसऱ्यांदा. गाडी उभी राहण्याचा खर्च बिलावर छापलेला नसतो, म्हणून आपण तो धरतच नाही. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गळकं सील एकदमच करून घ्या. फ्लायव्हील घासलंय का तेही बघायला सांगा.

दुसरी तक्रार नेहमीची: गिअर पडत नाही. इंजिन बंद करून टाकून बघा. बंद असताना अलगद पडतो आणि चालू असताना अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक क्लच असेल तर डबीतलं तेल कमी झालंय का, खालचा किंवा वरचा सिलिंडर गळतोय का, ते आधी बघा. बंद इंजिनावरही गिअर अडला, तर लिंकेज किंवा मग गिअरबॉक्स.

आवाजाचं एवढं लक्षात ठेवा. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच येते, तर रिलीज बेअरिंगवर. चालताना गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र गिअरबॉक्सवालाच खरा असू शकतो. तरी लिंकेज आणि माउंटिंग आधी बघायला लावा. गिअर ऑइल काढलं की त्यात काय आलंय ते बघा. बारीक करडा गाळ चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत.

ड्रायव्हर ठेवला असेल तर एकदा शेजारी बसून त्याचा डावा पाय बघा. गाडी पळत असताना तो क्लचवरच टेकलेला असेल, तर नवी प्लेटही फार टिकणार नाही.

बिल देण्याआधी जुने पार्ट मागून घ्या. आणि गाडी निदान अर्धा माल भरून चढावर चालवून बघा, रिकाम्या गाडीत घसरणारा क्लच कळत नाही.