गोबरगॅस संयंत्राचे योग्य आकारमान व गळतीचा बंदोबस्त

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले व वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. कोणताही एक पूर केवळ हवामानबदलामुळेच आला, असे म्हणता येत नाही. परंतु हवा एक अंश सेल्सिअसने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते व त्यामुळे थोड्या वेळात फार मोठा पाऊस पडण्याचा संभव वाढतो, हे आता निश्चित झाले आहे. हवा तापविणाऱ्या वायूंत कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, हा प्रमुख होय. त्याच्या खालोखाल मिथेन वायूचा क्रम लागतो. शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कर्बवायूइतकी उष्णता अडवितो. पुढील विवेचनात हा आकडा ध्यानात ठेवावा लागेल.

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांत घरातील एकजण ओतकामाच्या कारखान्यात नोकरीस, घरी तीन-चार म्हशी व थोडा ऊस, अशी कुटुंबे बरीच आढळतात. अशा एका पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. दरमहा १४.२ किलोचा एक सिलिंडर लागत असेल, तर वर्षाकाठी सुमारे ५०० किलो कर्बवायू हवेत जातो. रोज वीस किलोमीटर मोटारसायकल चालविल्यास वर्षाला पावणेतीनशे किलोची भर पडते. वीज बव्हंशी दगडी कोळशापासून तयार होत असल्याने दर युनिटामागे सुमारे ०.७ किलो धरावे लागतात. दरमहा शंभर युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाचे ८४० किलो होतात. म्हशीच्या रवंथातून बाहेर पडणारा मिथेन तर याहूनही अधिक भरतो. परंतु रवंथ थांबविता येत नाही. संतुलित आहार देऊन दर लिटर दुधामागे त्याचे प्रमाण कमी करता येते, एवढेच. शेणाचे तसे नाही. ते पूर्णपणे कुटुंबाच्या हाती असते, म्हणून सुधारणेस तेथूनच प्रारंभ करणे सोयीचे ठरते.

गोबरगॅसची विद्या महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस तयार करून दिवे लावण्यात आले होते. पुढे १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले व खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९८४ मध्ये पक्क्या घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र आले. ते कमी खर्चात बसत असल्यामुळे फार लोकप्रिय झाले.

या गॅसमध्ये साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. एक घनमीटर गॅस सुमारे ०.४५ किलो सिलिंडरच्या गॅसचे काम करतो, म्हणजे त्याच्या वापराने सुमारे १.३ किलो कर्बवायू वाचतो. गोबरगॅस जळतानाही कर्बवायू निघतो. पण तो वैरणीने नुकताच हवेतून घेतलेला असल्याने नवी भर म्हणून धरीत नाहीत. आता याची दुसरी बाजू पाहू. तोच एक घनमीटर गॅस न जळता हवेत निसटला, तर त्यातील सुमारे ०.४ किलो मिथेनमुळे ११ किलो कर्बवायूइतकी हानी होते. याचाच अर्थ असा, की केवळ सिलिंडरच्या बचतीचा विचार केल्यास, तयार होणाऱ्या गॅसपैकी दहावा हिस्सा जरी निसटला तरी सगळा लाभ धुऊन निघतो. फुटक्या घुमटाचे संयंत्र कागदावर चालू दिसते; प्रत्यक्षात ते नसते तर बरे, अशी स्थिती असते.

गॅस केवळ फटीतूनच निसटतो असेही नाही. घुमटी संयंत्रात गरजेपेक्षा जास्त गॅस साठला म्हणजे त्याच्या दाबाने शेणकाला खाली ढकलला जातो व जादा गॅस कुंडीवाटे बाहेर पडतो. तो कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. हा दोष प्रायः संयंत्र वाजवीपेक्षा मोठे बांधल्याने उत्पन्न होतो. जनावरे मोजून आकार ठरविण्याचा प्रघात आहे. तो बदलणे अवश्य आहे. आकार जेवणाऱ्या माणसांवरून ठरवावा आणि तेवढे शेण रोज मिळेल किंवा नाही, एवढ्यापुरतीच जनावरे मोजावीत.

स्वयंपाकास दर माणशी रोज पाव घनमीटर किंवा त्याहून किंचित अधिक गॅस लागतो. पाच माणसांस सव्वा ते दीड घनमीटर पुरतो. त्यांच्यासाठी दोन घनमीटरचे संयंत्र योग्य. त्यास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण व तितकेच पाणी लागते. म्हैस दिवसाला सुमारे १५ किलो शेण टाकते. गोठ्यात पाच म्हशी असल्या तरी या कुटुंबाने तीन घनमीटरचे संयंत्र बांधू नये. उरलेले शेण कंपोस्टकडे वळवावे. अंघोळीचे पाणी चुलीवर शेणी किंवा लाकूड जाळून तापविण्याची चाल पुष्कळ घरांत अजून आहे. दोन घनमीटरच्या संयंत्रात उरणारा गॅस याच कामी लावल्यास गॅसही वाया जात नाही व स्त्रियांच्या डोळ्यांस होणारा धुराचा त्रासही वाचतो.

संयंत्राच्या देखभालीत गावपातळीवरील कार्यकर्त्याने गळतीच्या तपासणीस अग्रस्थान द्यावे. साबणाचे पाणी फडक्याने नळीच्या प्रत्येक सांध्यावर, झडपेवर व शेगडीजवळ लावावे. बुडबुडे आले तेथे गळती आहे असे समजावे. तपासणीसाठी काडी कधीही ओढू नये. नळीस उतार देऊन सखल जागी पाणी काढण्याची सोय ठेवावी, अन्यथा ज्योत फडफडते व गृहिणी ती वरचेवर विझवून पुन्हा पेटवते. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडल्यास शेगडीची हवेची भोके साफ करावीत. घुमटाच्या आतील गिलाव्यास चिरा पडल्याचा संशय असल्यास दुरुस्ती जाणत्या गवंड्याकडूनच करवून घ्यावी. टाकीत उतरणे जिवावर बेतू शकते. सर्व झाकणे उघडून, काला उपसून, हवा खेळती केल्यावाचून आत कोणीही जाऊ नये.

लग्नकार्य अथवा यात्रेसाठी घर आठ-दहा दिवस बंद राहणार असेल, तर तीन-चार दिवस आधीपासून शेण घालणे थांबवावे व शेजाऱ्यास रोज शेगडी पेटविण्यास सांगून ठेवावे. हे क्षुल्लक वाटेल. पण दोन घनमीटर गॅस रोज मोकळा सुटल्यास आठवड्यात दीडशे किलो कर्बवायूइतकी हानी होते.

बाहेर पडणारी स्लरी उसास अथवा भाजीपाल्यास द्यावी आणि तिच्यातील नत्राच्या मानाने युरिया कमी करावा. युरिया वाजवीपेक्षा जास्त पडल्यास जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो कर्बवायूच्या सुमारे २७० पट घातक आहे. उसाचे पाचट न जाळता सरीत ठेवून त्यावर स्लरी सोडल्यास ते लवकर कुजते.

नदीकाठच्या गावांत जागेची निवड २०१९ व २०२१ च्या पुराच्या खुणा पाहून करावी. दोन्ही कुंड्यांचे काठ त्या खुणेच्या वर राहिले पाहिजेत. पिण्याच्या विहिरीपासून संयंत्र निदान पंधरा मीटर दूर असावे. पुराचे पाणी आत शिरलेच, तर ओसरल्यावर गाळ काढून शेणकाला नव्याने भरावा व शेजारच्या चालू संयंत्रातील काही घमेली स्लरी विरजण म्हणून त्यात मिसळावी. प्रथम येणाऱ्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते व तो भडकण्याचा धोका असतो. म्हणून तो न पेटविता घरापासून दूर सोडून द्यावा आणि पुढील गॅस शेगडीस जोडावा.