सेल्फ ‘टक्‌टक्‌’ करतो, गाडी उठत नाही

प्रश्न : मी रोज लोकलने जातो. गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते आणि रविवारी धक्का मारावा लागतो. बॅटरी चार वर्षांची आहे. बदलू का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : बदलावी लागेलही, पण आधी मोजा. अंबरनाथ-उल्हासनगरच्या बॅटरीवाल्यांकडे मीटर असतोच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली समजा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा. तो तसाच ठेवला, तर नवी बॅटरीही बसेल. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी मात्र आधी गरम पाण्याने धुऊन पाहा. कित्येकदा दुखणं तेवढंच असतं!

आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. तिला खरं मारतो तो उन्हाळा. पावसाळ्यात फक्त ते उघडकीस येतं. त्यात तुमची गाडी उभीच. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास, काटई-कर्जत रस्त्यावर का होईना, फिरवून आणा.

बदलताना आधी काळी (निगेटिव्ह) वायर काढा, बसवताना ती शेवटी जोडा. अ‍ॅम्पिअर-अवर जुन्याइतकेच घ्या. जुनी बॅटरी दुकानदाराला द्या, बिलात पैसे वळते होतात.